हृदयाचे छिद्र, थांबलेला न्यूमोनिया आणि फुप्फुसांचा वाढलेला रक्तदाब : भाचीसाठी माहिती हवी आहे

बालाघाट (१४ मे, रात्री ९.१५)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. हा धागा माझ्या भाचीसाठी काढत आहे, पण हा विषय तिच्या एकटीचा नाही असे मला गेल्या महिनाभरात वाटू लागले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

भाची नऊ वर्षांची आहे. बहीण आणि दाजी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की गावी परततात. भाची पाच महिन्यांची असताना फडावरच तिला न्यूमोनिया झाला. पोट उडत होते, दूध पिताना कपाळावर घाम येई, दोन घोट पिऊन ती थकून झोपत असे. तिथल्या डॉक्टरांना हृदयात वेगळा आवाज ऐकू आला म्हणून त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला. त्यात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र निघाले आणि लवकर शस्त्रक्रिया करून घ्या असे त्यांनी कागदावर लिहून दिले. दाजींनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि हंगाम अर्ध्यावर होता, त्यामुळे गावी परतल्यावर पाहू असे ठरले. पुढच्या वर्षभरात आणखी दोनदा न्यूमोनिया झाला. त्यानंतर मात्र, साधारण दोन वर्षांची झाल्यावर, ती सुधारली. न्यूमोनिया थांबला, घाम थांबला, अंगाने थोडी भरली. एका दवाखान्यात तर आता आवाज येत नाही असेही सांगितले गेले. घरात सगळ्यांनी मानले की छिद्र आपोआप भरले. मीही मानले. घरातला शिकलेला माणूस मी, आणि त्या कागदाची आठवण मला सात वर्षे झाली नाही.

या एप्रिलमध्ये, भर उन्हात हापशावरून घागर आणताना ती कोसळली. झटका समजून फिटचे औषध सुरू झाले. आठवड्याभरात ती पुन्हा पडली, तेव्हा तिचे ओठ आणि नखे जांभळी दिसली. आता नव्या इकोत फुप्फुसाच्या रक्तवाहिनीचा दाब ९० आहे असे लिहिले आहे. पण दंडावर मोजलेला रक्तदाब १०० बाय ६४, म्हणजे अगदी ठीक. मग हा ९० कुठला? आता शस्त्रक्रिया केली तर ती बरी होईल का? कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेतात ती बारीक नळी, घालून तपासणी करायला सांगितली आहे, ती खरोखर आवश्यक आहे का?

मांजराकाठ (१४ मे, रात्री ११.४०)

गुरुजी, मी लहान मुलांच्या हृदयविकारांचे काम करतो. प्रथम तुमच्या ९० या आकड्याविषयी. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो शरीराचा रक्तदाब. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीचा दाब वेगळा असतो आणि तो पट्ट्याने कळत नाही. निरोगी मुलात तो सरासरी साधारण १४ मिलिमीटर पारा एवढाच असतो. तीन महिन्यांपुढच्या मुलात विश्रांतीच्या वेळी ही सरासरी २०च्या वर असेल तर त्याला फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणतात. १९७३ सालच्या जिनिव्हा येथील बैठकीपासून ही मर्यादा २५ मानली जात होती. २०१८ साली नीस येथील जागतिक परिषदेत ती २०वर आणली गेली.

भाचीचे जे झाले ते समजून घेण्यासाठी जन्मापासून सुरुवात करावी लागते. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि जन्मानंतर सहा ते आठ आठवड्यांत त्या हळूहळू सैल होतात. म्हणूनच मोठे छिद्र असलेले बाळ सुरुवातीला धडधाकट दिसते. वाहिन्या सैल झाल्या की डाव्या कप्प्यातले रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत जोराने शिरू लागते. घाम, धाप, वजन न वाढणे आणि वारंवार होणारा न्यूमोनिया ही सगळी त्या जादा रक्ताची लक्षणे. या काळात छिद्र बंद केले तर फुप्फुसांच्या वाहिन्या पूर्ववत होतात. मोठ्या छिद्राची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या सहा महिन्यांच्या आसपास उरकावी असे आम्ही सांगतो ते याचसाठी.

तसे झाले नाही तर त्या दाबाखाली वाहिन्यांच्या भिंती आतून जाड होत जातात. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचत गेले की मोटर तीच असूनही पाणी पुढे सरकत नाही, तसे फुप्फुसांत होते. वाहिन्या अरुंद झाल्या की फुप्फुसांत जादा रक्त जाणे थांबते, म्हणून न्यूमोनिया थांबतो. दोन्ही कप्प्यांच्या दाबांतला फरक कमी होत जातो, म्हणून छिद्रातून रक्त घुसण्याचा आवाजही बंद होतो. घरच्यांना जी सुधारणा दिसते ती प्रत्यक्षात रोग पुढच्या टप्प्यावर गेल्याची खूण असते. पुढे उजवीकडचा दाब डावीकडच्या बरोबरीला येतो किंवा त्याहून वाढतो, अशुद्ध रक्त उलट दिशेने शरीरात मिसळते आणि मूल निळे दिसू लागते. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ साली असा रुग्ण नोंदवला होता. पॉल वुड यांनी १९५८ साली या अवस्थेला आयझेनमेंगर यांचे नाव दिले.

तुम्ही किंवा दाजींनी स्वतःला दोष देऊ नये. आवाज थांबला म्हणजे छिद्र भरले असे मानण्याची चूक इको न करता केवळ स्टेथोस्कोपची नळी लावून पाहणाऱ्यांकडूनही होते. लहान छिद्रे खरोखरच आपोआप भरतात, त्यामुळे हा समज अधिक घट्ट होतो. पण मोठे छिद्र भरले की नाही हे इकोच सांगू शकतो.

आता कॅथेटरविषयी. इकोमध्ये झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब मिळवतात. वेग सेकंदाला साडेचार मीटर असेल तर ८१ होतात, त्यात अंदाजाचे ५ ते १० मिळवले की तुमच्या ९०च्या जवळ आपण पोहोचतो. हा हृदय आवळले जातानाचा वरचा दाब आहे, सरासरी नव्हे. शिवाय मोठे छिद्र असलेल्या प्रत्येक मुलात हा आकडा जास्तच येतो, कारण दोन्ही कप्पे एकमेकांना जोडलेले असतात. जादा रक्तामुळे दाब वाढला आहे की वाहिन्या कडक झाल्यामुळे, हा खरा प्रश्न आहे आणि पहिल्यात शस्त्रक्रिया होते, दुसऱ्यात होत नाही. ते ठरवण्यासाठी वाहिन्यांचा प्रतिरोध, म्हणजे त्या रक्ताला किती अडवतात ते, मोजावे लागते आणि त्यासाठी कॅथेटरला पर्याय नाही. त्याच वेळी प्राणवायू आणि नायट्रिक ऑक्साइड हुंगवून वाहिन्या सैल होतात का हेही पाहतात. अशा मुलांना भूल देणे जोखमीचे असते, म्हणून ही तपासणी जिथे हे काम नेहमी होते अशाच ठिकाणी करावी.

जाण्यापूर्वी बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे साधन हाताला आणि पायाला, दोन्हीकडे लावून आकडे लिहून ठेवा. फिटचे औषध मनाने बंद करू नका; पण कोसळण्याचे कारण हृदय असू शकते हे त्या डॉक्टरांना इकोचा कागद दाखवून सांगा.

लातूरची आई (१५ मे, सकाळी ७.०५)

माझ्या मुलाला छिद्र नाही. त्याच्या आजाराचे कोणतेही कारण सापडले नाही. पाच वर्षांचा असल्यापासून जिना चढताना त्याला धाप लागे. दमा म्हणून वर्षभर पंप दिला, फरक पडला नाही आणि एके दिवशी शाळेत कवायतीच्या वेळी तो बेशुद्ध पडला. पुढे ज्या बालरोगतज्ज्ञांनी ओळखले त्यांनी आधी नळी लावून खूप वेळ ऐकले, हृदयाचा दुसरा ठोका फार मोठा येतो आहे असे म्हणाले आणि त्याच दिवशी ईसीजी व इको करायला लावला. पंपाने न थांबणारी धाप आणि धावताना येणारी बेशुद्धी, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर इको मागून घ्यावा, एवढे मी ओळखीच्या प्रत्येक आईला सांगते.

औषधांबद्दल माझा अनुभव लिहिते, कारण ते तुम्हाला लागणार आहेत. त्याला सिल्डेनाफिल दिवसातून तीन वेळा आणि बोसेंटन दोन वेळा आहे. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायाग्रातलेच औषध, त्यामुळे त्याचे नाव ऐकल्यावर गावातल्या औषध दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते मी विसरले नाही. आता मी चिठ्ठीवर आजाराचे नाव मोठ्या अक्षरात लिहून घेते. हेच औषध फुप्फुसांच्या वाहिन्या सैल करते म्हणून दिले जाते, यात लपवण्यासारखे काहीही नाही. लहानपणी गोळीची पूड पाण्यात मिसळून मोजून द्यावी लागे. ती पद्धत डॉक्टरांकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावी. बोसेंटन यकृताला त्रास देऊ शकते म्हणून दर महिन्याला रक्त तपासतो.

गोळ्या संपण्याच्या दहा दिवस आधी मी पुढच्या आणते. एकदा लग्नाच्या गडबडीत दोन दिवस खंड पडला, तेव्हा त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. सर्दीसाठी दुकानातून मनाने कोणतेही औषध घेत नाही, कारण नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी रक्तवाहिन्या आवळतात. दर वर्षी फ्लूची लस देतो, न्यूमोकोकसची दिलेली आहे.

एक शंका मलाही आहे. सिल्डेनाफिल मुलांना देऊ नये असा अमेरिकेतला इशारा मी वाचला होता. तो काय आहे?

मांजराकाठ (१५ मे, दुपारी २.३०)

ताई, तो इशारा २०१२ सालचा आहे. एका अभ्यासात बराच मोठा डोस दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांमध्ये मृत्यू अधिक आढळले, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने सावध केले. २०१४ साली त्याच संस्थेने स्पष्ट केले की हे औषध मुलांना अजिबात देऊ नये असा त्याचा अर्थ नाही, आणि २०२३ साली मुलांसाठी त्याला रीतसर मान्यता दिली. युरोपात मान्य असलेला डोस २० किलोपर्यंत तीन वेळा १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे तीन वेळा २० मिलिग्रॅम असा आहे. बरे वाटत नाही म्हणून डोस आपल्या मनाने वाढवू नये, हा या इशाऱ्यातून घेण्याचा धडा. बोसेंटनमुळे रक्तातले सिल्डेनाफिल कमी होते हेही डॉक्टरांना डोस ठरवताना लक्षात घ्यावे लागते.

बालाघाट (९ जून, रात्री १०.२०)

कॅथेटर तपासणी झाली. फुप्फुसाच्या धमनीचा सरासरी दाब ६८, प्रतिरोध शरीराच्या आकारमानानुसार १४ वुड एकक (प्रतिरोध मोजण्याचे एकक), प्राणवायू आणि नायट्रिक ऑक्साइड दिल्यावर १२. बोटाला प्राणवायू ८६ टक्के. शस्त्रक्रिया करता येणार नाही, औषधे सुरू करा असे सांगितले आहे.

दाजींना हे मान्य होत नाही. दुसऱ्या एका रुग्णालयात, कॅथेटरचा कागद न पाहता, छिद्र बंद करून देऊ असे त्यांना सांगितले गेले आहे. जमीन दोन एकर आहे. ती विकायला ते तयार आहेत. मी त्यांना काय सांगू?

मांजराकाठ (९ जून, रात्री ११.१०)

त्यांना आज रात्रीच फोन करा आणि जमीन विकू नका म्हणून सांगा.

प्रतिरोध ४ वुड एककांच्या खाली असेल तर छिद्र बंद करता येते. ४ ते ८ यांच्यामध्ये विचार करून, प्रत्येक मुलाचे वेगळे ठरवावे लागते. ८च्या वर बंद करू नये. भाचीचा १४ आहे आणि औषध हुंगवूनही तो फारसा उतरला नाही. आज ते छिद्र तिच्या उजव्या कप्प्याला वाट देत आहे. फुप्फुसांतून रक्त पुढे जात नाही तेव्हा उजवा कप्पा ते छिद्रातून सोडतो. त्याने अंग निळे पडते, पण हृदय चालू राहते. ती वाट बुजवली तर उजव्या कप्प्यावर सगळा भार येईल आणि तो थकून निकामी होईल. काही मुले शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावतात आणि जी वाचतात त्यांची स्थिती शस्त्रक्रिया न केलेल्या मुलांपेक्षा वाईट होते. कारण न सापडलेल्या आजारात, जिथे छिद्र नसते, तिथे काही मुलांना आम्ही मुद्दाम अशी वाट करून देतो. हे दाजींना सांगून पाहा. छिद्र शत्रू नाही हे त्यातून पटू शकते.

शस्त्रक्रिया नाही म्हणजे उपचार नाहीत असे नाही. औषधांनी धाप कमी होते आणि चालण्याची ताकद वाढते. आयझेनमेंगर अवस्थेतल्या रुग्णांना बोसेंटनचा उपयोग होतो हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आहे. नीट देखभाल मिळालेले यांतले अनेक रुग्ण तिशी-चाळिशी पाहतात. रोजच्या जगण्यातल्या काही गोष्टी मात्र औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

तिला पाणी कमी पडता कामा नये. उन्हात शरीराच्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यामुळे अशुद्ध रक्त शरीराकडे अधिक वळते. एप्रिलमध्ये हापशावर झाले ते बहुधा हेच. आपल्याकडचा एप्रिल-मे आणि टँकरची वाट पाहणारे गाव लक्षात घेता, तिने घागर उचलू नये आणि दुपारी बाहेर पडू नये. जुलाब-उलट्या झाल्या तर घरी थांबू नका.

तिचे हिमोग्लोबिन १७-१८ येईल. प्राणवायू कमी असल्याने शरीर तांबड्या पेशी वाढवते. रक्त घट्ट झाले म्हणून ते काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर सरसकट मानू नका. उलट अशा मुलांत लोह कमी असते आणि हिमोग्लोबिन जास्त दिसत असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. सलाइन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, कारण छिद्रातून तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. तापाबरोबर तीव्र डोकेदुखी आली तर मेंदूत पू झाला आहे का हे पाहावे लागते. दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा डोस लागतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला आज दूरची वाटेल. या आजारात गर्भारपण आईच्या जिवावर बेतते. अशा गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे आहे. भाची नऊ वर्षांची आहे. तुमच्या भागात सहा-सात वर्षांनी तिच्या लग्नाचा विषय निघेल हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. बोसेंटनही गर्भाला घातक आहे. तिच्या आईला हे आत्ताच, स्पष्ट शब्दांत सांगा, आणि ती वयात आल्यावर तिलाही.

तपासणी पथक (१० जून, सायंकाळी ६.००)

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासली जातात, आणि हृदयविकार आढळलेल्या मुलांना शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवले जाते. आमची अडचण अशी की हंगामात गावात गेलो तर पटावरची अर्धी मुले फडावर असतात, आणि ती परततात तेव्हा पथक दुसऱ्या गावात असते. हृदयाच्या छिद्राला सहा महिन्यांची मुदत आहे आणि ऊसतोडीचा हंगामही तेवढाच असतो. एक हंगाम चुकला की ते बाळ वेळेवर हाती लागत नाही.

गुरुजी, तुमच्या हातात हजेरीपट आहे. ज्या घरांत लहान बाळ आहे आणि कुटुंब स्थलांतर करते, त्यांची नावे आम्हाला दसऱ्यापूर्वी मिळाली तर आम्ही त्यांच्याकडे आधी जाऊ. डाऊन सिंड्रोम असलेली बाळे विशेष करून कळवा, कारण त्यांच्यात जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो आणि फुप्फुसांच्या वाहिन्या फार लवकर बिघडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्डावर बाळाचे नाव आहे का, हेही तेव्हाच पाहून घेता येईल. ऐन वेळी कित्येक कुटुंबे तिथेच अडकतात.

गोदेपलीकडे (११ जून, रात्री ८.४५)

मी नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेजवळ बालरोगतज्ज्ञ आहे. भाचीचा आजार वेगळा आहे, तरी याच धाग्यात एक नोंद करतो, कारण मुलांमधल्या या रक्तदाबाचा एक प्रकार दोन दिवसांत बरा होतो आणि तो ओळखला नाही तर बाळ जाते.

एक ते चार महिन्यांचे, फक्त आईच्या दुधावरचे, चांगले वाढणारे बाळ अचानक दूध सोडते, धापा टाकते, त्याचा रडण्याचा आवाज बसतो. जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया समजून उपचार सुरू होतात. इको केला तर उजवी बाजू फुगलेली आणि फुप्फुसांचा दाब खूप वाढलेला दिसतो, छिद्र मात्र नसते. आईला विचारावे की बाळंतपणानंतर ती काय खाते. पथ्य म्हणून तिला पांढरा, अनेक पाण्यांनी धुतलेला आणि वेळून पाणी टाकलेला भात दिला जातो, डाळ आणि भाजी बंद असते. त्यात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, उरत नाही आणि तिच्या दुधातही येत नाही. बाळाला थायमिनचे इंजेक्शन दिले तर एक-दोन दिवसांत दाब उतरतो. हैदराबादच्या डॉक्टरांनी अशा बाळांची नोंद प्रसिद्ध केली आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या घरांत हे कमी घडावे. पण बाळंतिणीला भाकरी जड म्हणून केवळ भातावर ठेवणारी घरे इकडेही आहेत. औषध स्वस्त आहे आणि शंका असताना देण्यात तोटा नाही. माझ्या मते धापा टाकणाऱ्या अशा बाळाला ते तपासणीची वाट न पाहता द्यावे.

बालाघाट (२ जुलै, रात्री ९.३०)

दाजींनी जमीन विकली नाही. औषधे सुरू होऊन तीन आठवडे झाले. भाची घरापासून शाळेपर्यंत मध्ये न बसता चालत येते, आधी दोनदा बसत असे. फिटचे औषध डॉक्टरांनी तपासून हळूहळू बंद केले. या हंगामात ती फडावर न जाता माझ्याकडे राहील.

तिच्या दप्तरात ठेवायला एक कार्ड केले आहे. त्यावर लिहिले आहे : आयझेनमेंगर, हृदयाच्या खालच्या पडद्याला छिद्र, नेहमीचा प्राणवायू ८६ टक्के, औषधांची नावे आणि वेळा, सलाइनच्या नळीत हवा नको, गोळ्या बंद करू नयेत, माझा आणि बहिणीचा नंबर. काही राहिले आहे का?

पटावरून अकरा घरे काढली, तिथे दोन वर्षांखालची बाळे आहेत. यादी पथकाला दिली.

मांजराकाठ (२ जुलै, रात्री १०.०५)

कार्डावर आणखी दोन ओळी घाला. नायट्रेट वर्गातले कोणतेही औषध देऊ नये, ती सिल्डेनाफिल घेते. आणि कोणत्याही कारणासाठी भूल देण्यापूर्वी तिच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे. वजन वाढेल तसे डोस बदलतील, म्हणून औषधांचा भाग पेन्सिलीने लिहा आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला आणताना कार्डही आणा.